होडीचा भाव आणि तळाचे थर

पुण्यात होडी विकत घ्यायची म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, "कशाला?" समुद्र घाटापलीकडे, आणि नदीत वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त. तरी होडी या शहराला परकी नाही. आज जिथे सारसबाग आहे तिथे नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं तळं होतं. बागेतल्या गणपतीला अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. बोट क्लब रोडला ज्याच्यावरून नाव पडलं तो रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा, आणि त्यांची रेगाटा पाहिली नाही असा जुना पुणेकर विरळा. दापोडीला सीएमईच्या आवारात लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे.

आम्हाला होडी हवी होती ती यातल्या कशासाठीच नव्हे. मी सिंहगड रस्त्याला राहतो. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकतानगरी, विठ्ठलनगर, निंबजनगर या भागांत शिरलं. तळमजले बुडाले, पार्किंगमधल्या गाड्या दिसेनाशा झाल्या. अग्निशमन दलाचे जवान होड्या घेऊन आले, लष्कराची तुकडीही आली, माणसं बाहेर निघाली. पण त्या दिवशी ठळकपणे दिसलं ते हे, की मोठ्या संकटाला मोठी यंत्रणा येते, पण गल्लीतल्या छोट्या अडचणींना तिच्याकडे वेळ नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं इन्सुलिन, तान्ह्या बाळाचं दूध, डायलिसिसची वेळ झालेला माणूस. पाणी ओसरल्यावर आसपासच्या सोसायट्यांनी वर्गणी काढली आणि एक होडी घ्यायची ठरवलं. खरेदीचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात पर्चेस खात्यात झालेली. "तुम्ही भाव पाडण्यात मुरलेले," असं खजिनदार म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

पर्चेसमधल्या माणसाबद्दल हा गैरसमज सार्वत्रिक आहे. भाव पाडणं हे त्या कामाचं सर्वांत सोपं अंग. समोरचा पुरवठादार लहान असेल आणि ऑर्डर मोठी असेल तर तो वाकतोच. अवघड असतं ते पुढचं: वाकलेला माणूस तुटीचे पैसे कुठून भरून काढणार आहे, हे आधी ओळखणं. गाडीच्या सुट्या भागात हे लवकर उघडं पडतं, कारण तोच भाग रोज हजारांनी येतो, मापला जातो, परत जातो. होडीचं तसं नाही. ती एकदाच बनते, हाताने बनते, आणि तिच्यात काय घातलं ते वरच्या चकचकीत रंगाखाली कायमचं झाकलं जातं. ती फसते तेव्हा तिच्यात माणसं बसलेली असतात. शिवाय पैसे आमचे नव्हते. कुणी पाचशे दिले होते, कुणी पाच हजार, आणि प्रत्येकाला पावती दिलेली होती.

म्हणून भावाला हात घालण्याआधी नक्की काय घ्यायचं, यावरच आमच्या बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर पाहिलेली होडी होती: हवेने फुगवायची, नारिंगी, मागे इंजिन. ती वाईट नाही, बचाव पथकं तीच वापरतात आणि त्यांना ती शोभते, कारण त्यांच्याकडे ती सांभाळणारी माणसं असतात. आमची होडी वर्षातले अकरा महिने एखाद्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात उन्हापावसात पडून राहणार होती. आणि शहरातल्या पुराच्या पाण्याखाली काय असतं? कंपाउंडच्या टोकदार सळ्या, फुटलेल्या काचा, गाड्यांचे आरसे, पत्रे. अग्निशमन दलातल्या एका अनुभवी जवानाने इंजिनाबद्दल जे सांगितलं ते तर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. गल्लीतल्या पाण्यात साड्या, चादरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. त्या पंख्यात गुंडाळल्या की इंजिन बंद पडतं, आणि ते सोडवायला माणसाला पाण्यात उतरावं लागतं. "काका, गल्लीत बांबू आणि वल्हंच खरं," तो म्हणाला, "आणि धारेत तुम्ही जायचंच नाही. तिथे आम्ही आहोत, नाहीतर सुदुंबऱ्याहून एनडीआरएफ येईल."

त्या एका वाक्याने आमचा निम्मा खर्च वाचला. इंजिन गेलं, इंजिनाबरोबर पेट्रोलची साठवण गेली, दर वर्षीची सर्व्हिसिंग गेली, आणि यांत्रिक होडीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली लागणारी नोंदणी आणि तपासणीही गेली. कुठल्याही विक्रेत्याशी कितीही घासाघीस केली असती तरी एवढे पैसे सुटले नसते. नको असलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी तिचे सगळे पैसे वायाच जातात, आणि खरेदीतली बरीचशी बचत विक्रेत्याला फोन करण्याच्या आधीच होऊन जाते.

हेही सगळ्यांसमोर बोलून घेतलं, की ही होडी प्रत्येक पुराला उपयोगी नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला लोंढा आला तेव्हा भिंती कोसळल्या, माणसं आणि गाड्या वाहून गेल्या. तसल्या लोंढ्यात होडी घालणं म्हणजे आत्महत्या. आमची होडी नदीचं पाणी फुगून गल्लीत येऊन थांबतं, त्या पाण्यासाठी. मर्यादा अशी लिहून काढली की होडी आपोआप लहान होत जाते. शेवटी कागदावर जे उतरलं ते असं: फायबरची, सपाट तळाची, १४ फूट लांब, ५ फूट रुंद, सहा माणसांची, दोन जोड वल्ही, पाणी भरलं तरी बुडू नये म्हणून बाकांखाली बंदिस्त फोम, आणि सहा जणांना उचलून गेटवरून पलीकडे नेता येईल असं वजन.

या कागदावर तीन ठिकाणची कोटेशनं आली. एक ९२,००० रुपयांचं, एक १,३८,०००चं, एक १,७२,०००चं. समितीत ती वाचून दाखवली तेव्हा खोलीतला कल लगेच पहिल्याकडे गेला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "एल-वन सोडून दुसऱ्याला दिलं तर उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार?" प्रश्न रास्त होता. सार्वजनिक पैशात एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर, हे सर्वांत सुरक्षित उत्तर असतं, कारण त्यासाठी कुणाला विचार करावा लागत नाही.

मी आधी तिन्ही आकडे एका पातळीवर आणले. १,७२,०००च्या कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला होता आणि पुण्यापर्यंतची वाहतूक ८,००० रुपये धरलेली होती. वल्ह्यांच्या होडीला तेव्हा २८ टक्के कर होता. (२२ सप्टेंबर २०२५पासून वल्ह्यांच्या होड्या १८ टक्क्यांत आल्या.) वाहतूक आणि कर काढला की त्या सर्वांत महागड्या होडीचा मूळ भाव साधारण १,२८,००० रुपये निघत होता. मधल्या कोटेशनमध्ये कर वेगळा, वाहतूक वेगळी आणि मूळ भावच १,३८,०००. म्हणजे महाग दिसणारा प्रत्यक्षात मधल्यापेक्षा स्वस्त होता. ९२,०००वाल्याने खाली बारीक अक्षरांत 'टॅक्स एक्स्ट्रा' लिहिलं होतं. वल्ही नव्हती आणि फोमचा उल्लेखच नव्हता. तरी ही सगळी भर घातल्यावरही तो बराच स्वस्त राहत होता, आणि का, हे पाहणं भाग होतं.

इथे फायबरच्या होडीचा हिशेब सांगायला हवा, कारण एकदा तो कळला की भावाची अर्धी गूढता जाते. होडी साच्यात उलट्या क्रमाने बनते. आधी साच्याला मेण, मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रंगाचा थर. मग काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिच्यावर हार्डनर मिसळलेलं रेझिन ब्रशने चोपडायचं, रोलर फिरवून हवा काढायची. मग पुढची मॅट, मग जाड विणीचं रोविंग, पुन्हा मॅट. बाजारात सर्रास मिळते ती मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. नीट काम केलं तर या थरात काच साधारण ३० टक्के आणि बाकी रेझिन असतं. म्हणून एका मॅटचा तयार थर चौरस मीटरला दीड किलो भरतो आणि जाडी साधारण एक मिलिमीटर होते. ६०० ग्रॅमच्या रोविंगमध्ये काच आणि रेझिन निम्मं-निम्मं. त्याचा थर सव्वा किलोच्या आसपास.

आमच्या होडीच्या तळाचं आणि बाजूंचं क्षेत्रफळ मी काढलं, ते १० चौरस मीटर आलं. चार मॅट आणि दोन रोविंग धरले तर जेलकोटसह चौरस मीटरला ९ किलो, म्हणजे अंगाचं वजन ९० किलो. बाक, फोमच्या पेट्या, मागची प्लायची फळी, काठाची पट्टी यांचे ४५ किलो. एकूण १३५. सहा जणांनी उचलली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस किलो येतात, म्हणजे जमण्याजोगं. आता यातली एक मॅट कमी केली तर वजन किती घटेल? १५ किलो. होडी वापरणाऱ्याला ते कळणार नाही, उलट 'हलकी आहे' म्हणून आवडेल. पण तळ एक मिलिमीटरने पातळ होईल, आणि भिंतीच्या कोपऱ्यावर आपटली की ती जागा आधी पांढरी पडेल आणि मग चिरेल.

हे समजून घेऊन मी ९२,०००वाल्याकडे गेलो. शहराच्या कडेला शेड होती. पोर्टेबल टॉयलेट, वॉचमनच्या केबिन, बागेतल्या घसरगुंड्या असा माल बाहेर रचलेला. माणूस बोलायला मोकळा, कामाला चपळ. त्याने होडीचं वजन १३० किलो सांगितलं, म्हणजे माझ्या अंदाजाच्या जवळ. मग इतकी स्वस्त कशी? शेडच्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीची पोती होती. रेझिन महाग, पावडर कवडीमोल. रेझिनमध्ये पावडर कालवली की ते दाट होतं, जास्त जागा भरतं आणि वजनही भरतं. केबिनच्या भिंतीला त्याने फारसं बिघडत नाही. पण पावडर भरलेला थर ठिसूळ होतो, आणि होडीच्या तळाला ठोके खायचे असतात. त्याने काही लपवलं नव्हतं. "सगळेच टाकतात," तो म्हणाला. त्याच्या मालाला ते चालत होतं, आमच्या मालाला नव्हतं.

तिथून एक गोष्ट पक्की झाली: नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. त्यावर फायबरच्या धंद्यातली एक जुनी तपासणी आहे, तिला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा. पाणी काढायच्या भोकासाठी होडीला गोल चकती कापतात. ती चकती टाकून न देता मागून घ्यायची आणि उघड्यावर जाळायची. रेझिन जळून जातं, काच जळत नाही. उरलेल्या काचेचे पापुद्रे वेगळे करून मोजता येतात: किती मॅट, किती रोविंग. पावडर असेल तर पांढरी भुकटी खाली पडते. आम्ही ऑर्डरमध्येच लिहिलं, की चकती ग्राहकाच्या ताब्यात द्यावी. हे वाक्य वाचून एखादा कारखानदार काय म्हणतो, त्यावरूनच त्याची अर्धी परीक्षा होते.

ज्याचं कोटेशन सर्वांत महाग दिसत होतं त्याचा कारखाना अलिबागकडे, खाडीच्या काठाला. मालक साठीचा, हातावर रेझिनचे जुने डाग. आम्ही गेलो ते दिवाळी झाल्यावर, आणि ते मुद्दाम. एप्रिल-मेपासून या लोकांना उसंत नसते: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर येतात, आणि सगळी डागडुजी त्याच काळात उरकायची असते. त्यात पावसाची दमट हवा, तिच्यात रेझिन नीट धरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत शहरवाल्यांना पूर आठवतो आणि ते "आठ दिवसांत होडी द्या" म्हणून फोन करतात. त्या दिवसांत तो सांगेल तो भाव, आणि बनेल तशी होडी. दिवाळीनंतर हवा कोरडी, साचे रिकामे आणि मालकाला बोलायला फुरसत.

समोरच्याकडे त्याच्या खर्चाचा हिशेब मागितला तर तो देत नाही, हा माझा सगळ्या नोकरीतला अनुभव. तो का द्यावा? पण आपणच हिशेब मांडून त्याच्यासमोर ठेवला आणि तो अपुरा असला, तर दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. मी माझा कागद टेबलावर ठेवला: साहित्य इतकं, मजुरी इतकी, नफा इतका. शेठनी चष्मा चढवला, खिशातलं पेन काढलं आणि बोलत बोलत आकडे लिहायला सुरुवात केली.

"साहेब, तुम्ही रेझिन बरोबर धरलंत. पण वाया किती जातं? डब्यात राहिलेलं दहा-पंधरा मिनिटांत दगड होतं. ब्रश, रोलर, ॲसिटोन कुठे धरलंय? आणि साचा? तो काय आभाळातून पडला?"

साचा बनवायला होडीच्या कितीतरी पट खर्च येतो आणि तो पुढच्या प्रत्येक होडीवर थोडा थोडा वाटला जातो. तासाभराने कागदावर जे उभं राहिलं ते असं: फोम, प्लाय, वल्ह्यांसकट साहित्य ५३,०००, मजुरी २८,०००, साच्याचा वाटा १०,०००, शेड-वीज-मुकादम १२,०००. बेरीज १,०३,०००. वर २५,००० नफा. १,२८,००० झाले.

बरोबर आलेले खजिनदार लगेच म्हणाले, "म्हणजे पंचवीस हजार सरळ नफा! मग वीस कमी करा की."

शेठ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "करतो. तुम्ही म्हणाल तेवढे कमी करतो. पण कुठून कमी करू ते तुम्ही सांगा. नफ्यातून वीस गेले तर पुढच्या वर्षी तुमची होडी चिरली म्हणून फोन कराल, तेव्हा माझा माणूस पुण्याला कशाच्या जोरावर पाठवू? आणि नफा ठेवून बाकीच्यातून काढायचे तर मला एकच जागा ठाऊक आहे." त्यांनी पायाखालच्या फरशीवर टाच आपटली.

या धंद्यातलं एवढं सरळ बोलणं मी क्वचित ऐकलं होतं. नुसतं 'थोडं कमी करा' म्हणणारा ग्राहक प्रत्यक्षात कारागिराला सांगत असतो, की काय कमी करायचं ते तुझं तू ठरव. आणि तो ठरवतो. काठाची पट्टी दिसते, रंग दिसतो, बाक दिसतात. तिथे तो हात लावत नाही. मॅट दिसत नाही.

म्हणून मी सवलत मागितली नाही. विचारलं, "शेठ, आम्ही काय सोडलं तर तुमचा खर्च वाचतो?" या प्रश्नावर बोलणं एकदम सैल झालं. आम्हाला भगवा रंग हवा होता. त्यांच्याकडे त्या महिन्यात दोन होड्या पांढऱ्या रंगाच्या निघायच्या होत्या. त्याच जेलकोटमध्ये आमची काढली तर रंग बदलणं, डबे साफ करणं वाचत होतं: तीन हजार. आतून घासून गुळगुळीत करणं आणि दोन्ही बाजूंना नाव रंगवणं सोडलं तर मजुरीतले चार हजार. एका सभासदाने नाव रविवारी स्वतः रंगवायची तयारी आधीच दाखवली होती. ॲडव्हान्स तीस टक्क्यांऐवजी चाळीस दिला तर साहित्य रोखीने घेता येतं: दोन हजार. आणि आम्ही तारखेचा आग्रह धरला नाही, साचा रिकामा असेल तेव्हा भरा म्हटलं, त्यावर शेठनी नफ्यातले तीन हजार आपणहून खाली आणले. बारा हजार उतरले, आणि त्यातला एकही रुपया तळाच्या थरांतून आला नाही. भाव ठरला १,१६,००० अधिक कर. वाहतुकीचंही आम्ही पाहिलं: पुण्याहून अलिबागला माल टाकून रिकामा परतणारा टेंपो गाठला.

कराचा विषय निघाला तेव्हा एका हितचिंतकाने शक्कल सुचवली: बिलावर 'लाइफबोट' लिहून घ्या, लाइफबोटी पाच टक्क्यांत बसतात. हेतू चांगला होता, आणि आमची होडी जीव वाचवण्यासाठीच होती. पण त्या वर्गवारीतच 'वल्ह्यांच्या होड्या वगळून' असा शब्दप्रयोग आहे. शेठनी स्पष्ट नकार दिला आणि मला तो आवडला. खोटं बिल करून देणारा माणूस मॅटचे थरही खोटे सांगू शकतो. कर धरून रक्कम १,४८,४८० झाली, आणि वर्गणीच्या हिशेबात ती जशीच्या तशी लावली.

उरलेली बोलणी पैसे कधी द्यायचे याची होती, आणि मला विचाराल तर भावापेक्षा ती जास्त मोलाची. चाळीस टक्के ऑर्डरबरोबर. तीस टक्के अंग साच्यात असताना, शेवटचं रोविंग टाकायच्या आधी आम्हाला दाखवल्यावर. तिथे थर कडेला उघडे दिसतात, बोटाने मोजता येतात. वीस टक्के वजन आणि पाण्यातली चाचणी झाल्यावर. दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. शेवटच्या दहावर शेठ अडले. "पावसाळ्यात तुम्ही ती दगडावर आपटाल आणि माझे पैसे अडकवाल." मुद्दा खरा होता. मग लिहिलं, की बाहेरच्या आघाताने झालेली इजा यात धरायची नाही. थर सुटणं, फोमच्या पेटीत पाणी शिरणं, मागची फळी हलणं, एवढंच धरायचं. एका बाजूचाच बचाव करणारा करार दुसरी बाजू मनातून पाळत नाही.

चकती जाळली ती कारखान्याच्या मागच्या अंगणात, शेठच्याच कामगारांसमोर. काळा धूर आला, दर्प आला, आणि निवल्यावर काचेचे पापुद्रे एकेक करून सुटले. चार मॅट, दोन रोविंग. भुकटी नव्हती. काट्यावर होडी १३८ किलो भरली, तीन किलो जास्तच. मग खाडीत उतरवून आम्ही ती मुद्दाम पाण्याने काठोकाठ भरली. काठ पाण्याच्या वर राहिला आणि दोन माणसं काठाला धरून लोंबकळली तरी ती गेली नाही. त्या कामगारांपैकी एक तरुण मुलगा सगळं बघत होता. तो म्हणाला, "आजवर कुणी मोजलं नव्हतं." त्या आवाजात तक्रार नव्हती. चांगलं काम मोजलं गेलं की कारागिरालाही ते हवं असतं, असा माझा समज आहे, आणि पर्चेसच्या नोकरीत तो पुन्हा पुन्हा खरा ठरला आहे.

समितीत हिशेब मांडला तेव्हा एल-वनचा प्रश्न पुन्हा आलाच. मी तिन्ही कोटेशनं एका पातळीवर आणलेला तक्ता ठेवला, जळलेल्या चकतीचे पापुद्रे कागदावर चिकटवून ठेवले, आणि वजनाची पावती. बावीस हजारांचा नफा कारखानदाराला आम्ही समजून-उमजून दिला, हेही सांगितलं. कुणी कुरकुरलं, पण पापुद्रे हातात घेऊन पाहिल्यावर हरकत कुणी घेतली नाही. इंजिन गाळल्याने वाचलेल्या पैशांतून लाइफ जॅकेट, दोर आणि डोक्यावर लावायचे दिवे आले. ते विकत घेताना मी भाव केला आणि भरपूर केला, कारण त्या वस्तू छापील दर्जाच्या असतात. तिथे पाडलेला रुपया मालातून वजा होत नाही. घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, याचा माझा निकष एवढाच आहे. वस्तूचा दर्जा आधीच पक्का झालेला असेल तर खुशाल करावी. तो अजून कुणाच्या तरी हातून घडायचा असेल तर भाव न पाडता हिशेब मांडावा.

योग्य भाव म्हणजे सर्वांत कमी आकडा, असं मी कधीच मानलं नाही. ज्या आकड्यात कारागिराला चोरी करायची गरज पडत नाही आणि ग्राहकाला ती झाली नाही हे तपासता येतं, तो योग्य भाव. यातलं एकच साधलं तर सौदा अर्धवट: तपासणी नाही तर विश्वासावर पैसे गेले, आणि नफा नाही तर तपासणीच्या पलीकडे कुठेतरी काटछाट झाली.

नदीकाठच्या ज्या सोसायट्या किंवा मंडळं होडी घ्यायच्या विचारात असतील त्यांना एवढंच सांगणं आहे. जुलैत धावाधाव करू नका, दिवाळी झाली की कामाला लागा. आधी कुठल्या पाण्यात आणि कशासाठी, हे लिहून काढा. कोटेशन मागताना मॅट किती, रोविंग किती, रेझिनमध्ये पावडर नाही, तयार वजन किती, फोम किती, कर आणि वाहतूक धरली की नाही, हे लेखी मागा. कापलेली चकती सोडू नका. पैसे टप्प्याने द्या, पण ठरल्या दिवशी द्या. आणि हे सगळं झाल्यावर दोन-तीन हजारांचा फरक उरला, तर तो कारागिराच्या बाजूने सोडून द्या.